मिस्टर चर्चला येईनात, मी आणखी किती वाट पाहू?

ताई, ख्रिस्तात सलाम.

माझे मिस्टर पूर्वी मंडळीच्या प्रत्येक कामात पुढे असायचे. दोन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर आजारी पडले. सगळ्या मंडळीने उपास धरले, मिस्टरांनी तर कित्येक रात्री गुडघ्यांवर काढल्या. दीर गेले. अंत्यविधीनंतर मिस्टरांनी चर्चची पायरी चढलेली नाही. घरात प्रार्थनेला बसत नाहीत. ते भांडत नाहीत, हात उगारत नाहीत, आम्हाला काही कमी पडू देत नाहीत. फक्त देवाचं नाव काढलं की उठून जातात.

मी सगळं करून पाहिलं. रोज सकाळी त्यांना मोबाइलवर बायबलमधलं वचन पाठवते. त्यांना न विचारता चर्चच्या पाळकसाहेबांना घरी बोलावलं. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला शिकवून ठेवलंय, ‘पप्पांना म्हण, माझ्यासाठी प्रार्थना करा.’ कशाचाच उपयोग नाही. देवाकडे सहनशीलता मागते आणि चिडचिड मात्र वाढतच चाललीय. गेल्या रविवारी मी मुलांदेखत त्यांच्यावर ओरडले, ‘तुमच्यामुळे या घरावरचा आशीर्वाद जाईल.’ दिवसभर कुणी कुणाशी बोललं नाही.

प्रार्थना सभेतल्या बहिणी म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतोय, नाहीतर एव्हाना उत्तर आलं असतं. खरंच तसं आहे का? मी आणखी किती वाट पाहू? आणि वाट पाहायची म्हणजे गप्प बसायचं का?

– एक बहीण

प्रिय बहिणी,

त्या बहिणींचं बोलणं आधी बाजूला काढू या. ते मनात घर करून बसलंय तोवर माझं बाकीचं काही तुझ्यापर्यंत पोहोचणार नाही.

गेथशेमाने बागेत प्रभू येशूने ‘हा मरणाचा प्याला टळो’ हे एकच मागणं तीन वेळा केलं. प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं उत्तर मिळालं. यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कुणाची जीभ धजेल? तुझ्या बहिणी प्रेमापोटी बोलल्या असतील, पण ही शिकवण चुकीची आहे आणि ती फार निर्दय आहे. जरा पुढे जाऊन बघ ना. त्याच हिशेबाने तुझे दीर गेले ते कुणाचा तरी विश्वास कमी पडला म्हणून. कुणाचा? रात्र रात्र गुडघ्यांवर काढणाऱ्या भावाचा? त्या दिवसांत हे वाक्य कुणी तुझ्या मिस्टरांना ऐकवलं असेल का? किंवा कुणी ऐकवलं नसेल, तरी त्यांनी स्वतःच स्वतःला ते ऐकवलं असेल का? मला तरी ती शक्यता दाट वाटते. देवाचं नाव निघालं की उठून जाणारा माणूस देवाला विसरलेला नसतो. विसरलेल्याला उठून जावं लागत नाही.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात चर्चला न जाणारा नवरा आहे, भाऊ गमावलेला माणूस जवळजवळ नाहीच. ‘दीर गेले’ हे दोन शब्द, आणि त्यानंतर सगळं पत्र हजेरीचं. मी दोष देत नाही. त्या दिवसांत घर सांभाळायला तूच उभी राहिली असशील, आणि तुझं रडायचंही राहूनच गेलं असेल. पण तू ज्याला अविश्वास म्हणतेस, ते मला दुःख दिसतंय. प्रार्थना केली आणि भाऊ गेला, हा प्रश्न दोन वर्षं त्यांच्या छातीवर बसलाय. तो त्यांनी कुणापुढे मांडावा? चर्चमध्ये मांडला तर वचन मिळतं. घरात मांडला तरी वचनच मिळतं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढ. मार्था, तिची बहीण मरिया आणि त्यांचा भाऊ लाजर यांच्यावर येशूची प्रीती होती, असं तिथे लिहिलंय. आणि लगेच पुढे लिहिलंय की लाजर आजारी असल्याचं कळूनही तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. प्रीती होती आणि तरीही उशीर केला. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवायला योहान कचरत नाही. येशू पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. आधी मार्था आली, मग मरिया आली, आणि दोघी वेगवेगळ्या वेळी तेच बोलल्या: ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ हे तोंडावर केलेलं गाऱ्हाणं आहे. त्याने दोघींपैकी एकीलाही ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडला. मग त्याने लाजराला कबरेतून जिवंत बाहेर बोलावलं.

तुझे मिस्टर आज त्या वाक्याशी उभे आहेत. फरक एवढाच की त्यांचा भाऊ कबरेतून बाहेर आला नाही. हा फरक मी गुळगुळीत करणार नाही, तूही करू नकोस. पुनरुत्थानाच्या दिवसाची आशा खरी आहे, माझी तिच्यावर पूर्ण श्रद्धा आहे, पण घरातली आजची रिकामी जागा त्या आशेने आज भरून निघत नाही. मार्थेलाही शेवटच्या दिवशी भाऊ उठेल हे ठाऊक होतं. तसं तिने बोलूनही दाखवलं, आणि तरी तिचं दुःख संपलं नव्हतं.

आता सहनशीलतेचं. सहनशीलता हे पवित्र आत्म्याचं फळ आहे, पण ती एकांतात मागितली आणि एकांतातच मिळाली असं सहसा होत नाही. ती माणसांच्या सहवासातच वाढते, तीही जिथे आपला अगदी अंत पाहिला जातो त्याच ठिकाणी. म्हणून चिडचिड वाढली याचा अर्थ देवाने ऐकलं नाही, असा घेऊ नकोस. आपली चिडचिड आता तुझी तुला दिसू लागलीय, हेही उत्तराचाच भाग असू शकतं. तिच्या मुळाशी काय आहे ते मात्र तपासून बघ. तू मिस्टरांवर चिडतेस की देवावर? देवाने उशीर केला म्हणून राग देवाचा आला, पण देवावर ओरडणं बरोबर दिसत नाही, तेव्हा जो समोर बसलाय त्याच्यावर तो निघाला, असं होत असेल का? तसं असेल तर राग सरळ देवापाशीच ने. तेराव्या स्तोत्रात दावीद ‘कोठवर?’ हा प्रश्न एकापाठोपाठ चार वेळा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची एक ओळसुद्धा नाही. तरी ती पवित्र शास्त्रात आहेत आणि शतकानुशतकं देवाचे लोक ती प्रार्थना म्हणूनच वाचत आलेत. दार लावून घे आणि तेरावं स्तोत्र मोठ्याने वाच, तुझ्या दिरांचं नाव घेऊन. जो राग देवापुढे बोलून होतो, तो मुलांदेखत बाहेर पडायची शक्यता पुष्कळ कमी होते.

मुलीबद्दल मात्र मला जरा कडक बोलू दे. अब्राहाम ७५ वर्षांचा असताना, तुझा वंश वाढवीन या देवाच्या वचनावर हारान सोडून निघाला, आणि वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा त्याने शंभरी गाठली होती. मधल्या काळात त्याच्या बायकोचा, सारेचा, धीर सुटला आणि मूल व्हावं म्हणून तिने आपली दासी हागार पुढे केली. हागारला इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता. ही गोष्ट आपण सारेच्या अविश्वासाचं उदाहरण म्हणून सांगतो आणि पुढे सरकतो. त्या उतावळेपणाची किंमत कुणी मोजली, तिकडे आपलं लक्ष जात नाही. ती हागारने मोजली आणि तिच्या मुलाने मोजली, घराबाहेर काढल्यावर रानात, पाण्याची मसक रिकामी झालेली असताना. आपला धीर सुटला की भरडलं जाणारं माणूस बहुधा तिसरंच असतं. तुझ्या घरात ती जागा नऊ वर्षांच्या मुलीला मिळालीय. ती ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणते आणि पप्पा उठून जातात, यातून ती काय शिकत असेल? की पप्पांना मी नकोय, की मी नीट विचारलं नाही. आजच तिला जवळ घे आणि सांग, ‘पप्पांना काही म्हणायला लावायचं काम तुझं नाही, माझी चूक झाली.’ आणि रविवारच्या त्या वाक्याबद्दल मुलांसमोर मिस्टरांची माफी माग. आशीर्वाद त्यांच्यामुळे जाईल, हे खरंही नाही.

‘किती वाट पाहू’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी तुला मुदत सांगितली तर मानू नकोस. मोनिकेची हकिकत मात्र सांगते. तिचा मुलगा, पुढे चर्चचा थोर शिक्षक झालेला ऑगस्टीन, इ. स. ३५४ मध्ये जन्मला, तरुणपणी मानी नावाच्या गुरूच्या वेगळ्या पंथात गेला, आणि ती वर्षानुवर्षं त्याच्यासाठी रडत राहिली. त्याने तिला चकवून रात्रीच्या जहाजाने रोम गाठलं, तर ती समुद्र ओलांडून त्याच्यामागे गेली. त्याआधी एकदा तिने एका बिशपना गळ घातली होती, माझ्या मुलाशी बोला, त्याला समजवा. बिशपनी साफ नकार दिला. म्हणाले, तो आत्ता ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, त्याच्यासाठी फक्त प्रार्थना करा, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. ती रडत हट्ट करत राहिली, तेव्हा ते वैतागून म्हणाले, जा बाई, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. ३८७ साली मिलानमध्ये ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी मोनिका वारली. लोक तिचे अश्रू लक्षात ठेवतात. मला त्या बिशपचा नकार जास्त मोलाचा वाटतो. आपण बोलल्याने काम बिघडेल हे ओळखून ते मागे राहिले, आणि तेव्हाही त्यांनी मुलाबद्दलची आशा सोडली नव्हती.

म्हणजे गप्प बसायचं का? उपदेशाच्या बाबतीत, हो. पेत्राच्या पहिल्या पत्रात वचन न मानणाऱ्या नवऱ्यांबद्दल लिहिलंय की ते बायकांच्या वागण्याने, शब्दांवाचून मिळवले जावेत. ते वचन कित्येक घरांत बायकांचं तोंड बंद करायला वापरलं गेलंय, म्हणून इतर वाचक बहिणींसाठी स्पष्ट लिहिते: ज्या घरात मारहाण आहे, धाक आहे, तिथे सोसत राहणं म्हणजे देवाची वाट पाहणं नव्हे. तिथून बाहेर पडावं, मदत मागावी, पोलिसांकडे जायची वेळ आली तर जावं. तुझ्या घरात तसं नाही हे तू स्वतःच सांगितलंस, म्हणून तुला पेत्राचं हे वचन सांगते आहे.

पण उपदेश थांबवणं आणि अबोला धरणं यांत फार अंतर आहे. मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या इयोबाचे मित्र आले, त्याची अवस्था पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहिले आणि कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. पुढे त्यांनी तोंड उघडलं, देवाची बाजू मांडायला म्हणून भाषणं केली, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच झाला. जो रडला, ओरडला, देवाशी वाद घालत राहिला, त्या इयोबाबद्दल देव म्हणाला की हा योग्य ते बोलला.

तूही तशी बस. मोबाइलवरची वचनं बंद कर आणि ती का बंद केलीस ते सांग, नाहीतर त्यांना वाटेल हिने आपला नाद सोडला. ‘मी दोन वर्षं तुम्हाला चर्चबद्दल विचारत राहिले, भाऊजींबद्दल एकदाही विचारलं नाही,’ एवढं म्हण आणि थांब. ते बोलतील किंवा नाही बोलणार. बोलले आणि देवाबद्दल काही वाईट म्हणाले, तर देवाच्या बचावाला धावू नकोस. त्याला तुझ्या वकिलीची गरज नाही. तुझ्या मनातही तोच प्रश्न असेल तर तसं कबूल कर. तुझा विश्वास डळमळला असं त्यांना वाटणार नाही. उलट, आपण एकटे नाही, एवढं तरी त्यांना कळेल.

रविवारी सकाळी तुझा तोल जातो, कारण ते उठतील का, कपडे बदलतील का, याकडे तुझा डोळा लागलेला असतो. शनिवारीच सांगून टाक, ‘उद्या मी मुलांना घेऊन जाते, तुम्ही आराम करा,’ आणि ठरल्यासारखी नीघ. परत आल्यावर प्रवचन काय झालं ते सांगत बसू नकोस. कौटुंबिक प्रार्थना मात्र मुलांबरोबर चालू ठेव, रोजच्याइतकीच, त्यांना ऐकू जावं म्हणून आवाज न चढवता. त्या प्रार्थनेत ‘पप्पांना बदल’ हे मागणं नको, मुलं ते घटकाभरात हेरतात. ‘काकांची आठवण येते’ हे मात्र मुलांनी खुशाल म्हणावं.

पाळकसाहेबांना पुन्हा बोलावायचं की नाही, ते मिस्टरांना ठरवू दे. आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, ती तू बघायला हवीस: त्यांना झोप लागते का, जेवण जातं का, कामात मन लागतं का, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं काही बोलतात का? यातलं काही दिसत असेल तर थांबू नकोस, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटायला त्यांच्यासोबत जा. जगणं नकोसं झाल्याचं बोलले असतील तर ते उद्यावरही टाकू नकोस. प्रार्थना चालू असतानाच हे सगळं करायचं असतं.

– तुझी ताई