नकार कानानं ऐकायचा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू लॅपटॉप उघडून, बाबांच्या मशीन शॉपसाठी काम मागितलेल्या कारखान्यांची ती यादी दाखवलीस, तेव्हा तुझ्या बाबांसमोर मी काही बोललो नाही. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून हे लिहितोय. 64 नावं. चाकण, भोसरी, शिरोली, हुबळीचा गोकुळ रोड, दोन कोइमतूरची. जूनमध्ये सगळ्यांना एक मेल, पंधरा दिवसांनी दुसरा. चौघांनी ‘कळवतो’ म्हटलं आणि उरलेल्या साठ ओळींना तू लाल रंग देऊन टाकलास. शेवटच्या रकान्यात लिहिलंस, ‘क्लोज्ड’.

कुणी क्लोज केलं? त्यांनी की तू?

तू म्हणालीस, “काका, सारखं सारखं विचारलं की भीक मागितल्यासारखं वाटतं. त्यात मी मुलगी. फोनवर फोन करते म्हटल्यावर लोक काय समजतील?” तुझा आवाज बसला होता, तो माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आधी एवढंच सांगतो आणि पुढेही हेच सांगणार आहे, कंटाळलीस तरी: समोरचा गप्प आहे म्हणजे तो नाही म्हणाला असं नव्हे. नकार कानानं ऐकायचा. तो आपल्या मनानं लिहून टाकायचा नाही.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. 1997 साली मी महाराष्ट्रातल्या एका पंप कारखान्यात गेलो होतो. तेव्हा बेळगावच्या उद्यमबागेत माझी ओतकामाची भट्टी भाड्याच्या शेडमध्ये होती, सहा माणसं होती. पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग मिळालं, करड्या बिडाची एफजी 220 ग्रेड, महिन्याला चार टन. मी रात्रभर बसून भाव काढला आणि टपालानं पाठवला. आपण कर्नाटकातून महाराष्ट्रात माल देणार म्हणजे सी फॉर्मवर, सवलतीच्या दरानं, चार टक्के केंद्रीय विक्रीकर. त्याला तो परत मिळायचा नाही, म्हणून तेवढा बोजा मी माझ्या भावातूनच कमी केला होता. मग वाट बघितली. एक आठवडा, दोन आठवडे, सहा आठवडे. फोन एसटीडी बूथवरून करावा लागायचा, पण अडचण बुथाची नव्हती. मला वाटलं, त्यांना हवं असतं तर त्यांनी कळवलं असतं. मी कशाला लाचार होऊ?

पुढच्या फेब्रुवारीत मिरज स्टेशनवर तोच खरेदी अधिकारी भेटला. चहा घेत सहज म्हणाला, “तुम्ही नंतर आलाच नाही. तुमचा भाव बसत होता. ड्रॉइंगमध्ये बदल झाला होता, त्याची नवी प्रिंट द्यायची होती. आम्हाला वाटलं तुम्हालाच रस नाही.” बघ, आम्हाला वाटलं तुम्हाला रस नाही! ते माझ्याबद्दल तेच समजत होते जे मी त्यांच्याबद्दल समजत होतो. ते काम दुसऱ्याकडे गेलं. दिवाळीच्या तोंडावर मला दोन मोल्डर, साचे भरणारे कारागीर, कमी करावे लागले होते. त्यातला एक माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून होता. त्याला हिशेब देताना मी ‘काम नाही’ म्हणालो होतो. काम होतं. एका ड्रॉवरमध्ये नव्या प्रिंटच्या रूपात पडून होतं आणि मी ते आणायला गेलो नव्हतो.

तुझ्या त्या साठ लाल ओळींपैकी किती ड्रॉवरमध्ये अशी प्रिंट पडली असेल, याचा विचार कर.

माणसं गप्प का राहतात? खरेदीवाला रजेवर असतो. मेल स्पॅममध्ये गेलेला असतो. ड्रॉइंग डिझाइनकडे बदलायला गेलेलं असतं. नवा व्हेंडर कोड, म्हणजे नव्या पुरवठादाराची नोंद, वर्षाच्या मध्यावर उघडत नाहीत. जुन्या पुरवठादाराकडे पॅटर्न, साचा काढायचा नमुना, अडकलेला असतो आणि तो सोडवून घ्यायचं धाडस कुणी करत नाही. शिवाय लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करायचा कायदा आहे. 2023-24 या आर्थिक वर्षापासून ते थकवले तर त्या वर्षी आयकरात तो खर्च धरता येत नाही, म्हणून काही खरेदीवाले उद्यम नोंदणी बघूनच बिचकतात. यातलं कुठलं कारण म्हणजे ‘तुमचं काम आम्हाला नको’? एकही नाही. पण तुला घरी बसून ते कळणार नाही.

आणि तुझा तो दुसरा मेल. यावर मी जरा चिडून लिहितो, रागावू नकोस. ‘आमच्या आधीच्या मेलचा कृपया विचार व्हावा’ आणि खाली पाच टक्के सूट. कुणी मागितली होती? तो गप्प होता, तू घाबरलीस आणि स्वतःच भाव उतरवलास. आता तुझ्या पहिल्या भावावर तो कधीच विश्वास ठेवणार नाही. तुझ्या बाबांनी बँकेचे हप्ते भरत दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं उभी केलीत. ते पाच टक्के त्या मशीनच्या तासांतून जातात. न विचारता भाव उतरवायचा नाही. पुन्हा करू नकोस.

शिवाय तुझे पुण्याकडचे निम्मे मेल गुरुवारी गेलेत. भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावला सोमवारी. एवढं तर बाबांना विचारायचं होतंस.

दुसऱ्यांदा जाताना काय न्यायचं, ते सांगतो. हुबळीच्या व्हॉल्व्हवाल्यांनी तुला ड्रॉइंग पाठवलंय, मी ते ओझरतं बघितलं. आठ मिलिमीटरची भिंत आणि तिला लागून एकदम जाड फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची कड. जाड भाग शेवटी गोठतो, तिथंच आतून आकसतो आणि पोकळी राहते. वरून काही दिसत नाही. तुमच्या मशीनवर चढवून कट घेतला की मग ती उघडी पडते, तेव्हा कास्टिंगही, म्हणजे ओतलेला भागही, गेलं आणि तुमचे तासही गेले. हे तुला माहीत आहे, तू लहानपणापासून त्या शेडमध्ये वावरतेस. मग हेच त्यांना सांग ना! ‘या कोपऱ्यात फिलेट (कोपऱ्याची गोलाई) वाढवला किंवा फाउंड्रीनं इथं चिल (लवकर गोठवणारा धातूचा तुकडा) लावला तर रिजेक्शन कमी होईल, चालेल का?’ या एका ओळीनं तुझा मेल खरेदीतून डिझाइनकडे जातो. ‘विचार व्हावा’ लिहून तो कुठंच जात नाही.

मी हे करायचो. नमुना म्हणून पूर्ण कास्टिंग कधी नेलं नाही. हॅकसॉ मशीनवर मधोमध कापायचं, कापलेला भाग एमरी पेपरनं घासून आरसा करायचा, तेल पुसून ‘तरुण भारत’च्या कागदात गुंडाळायचं आणि टेबलावर उघडायचं. करडा, एकसारखा, एक ठिपका नाही. समोरचा बोट फिरवून बघतो. त्या वेळी मी बोलत नसे.

हुबळीच्याच एका कारखान्यात मी तीन वर्षं जात होतो. अकरा खेपा. प्रत्येक वेळी गेटवर रजिस्टरमध्ये नाव, गाडी नंबर, ‘कुणाला भेटायचं’. साहेब कधी भेटायचे, कधी नाही. भेटले की म्हणायचे, “नोडोण री.” बघूया. किंवा “नाळे बर्री.” उद्या या. आपल्याकडे गावात पूर्वी दारावर खडूनं ‘नाळे बा’ लिहायचे, म्हणजे भूत ते वाचून रोज परत जाईल. तू त्या दारावरचं वाचून परत येतेस बाळ. मी विचारायचो, “उद्या म्हणजे कुठली तारीख साहेब? मी बेळगावाहून येतो.” ते हसायचे आणि तारीख द्यायचे. ती तारीख मी तिथंच, त्यांच्यासमोर वहीत लिहायचो.

ती वही तुला दाखवीन. खडेबाजारातून आणलेली लांबट, दोनशे पानी. तारीख, कोण भेटलं, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, आणि पुढची तारीख. ‘त्याच्याच शब्दांत’ हे महत्त्वाचं. तू यादीत एकासमोर ‘नॉट इंटरेस्टेड’ लिहिलंयस. तो काय म्हणाला होता? तू सांगितलंस मला: “सध्या बजेट नाही.” ‘सध्या’ हा शब्द तू खाऊन टाकलास!

अकराव्या खेपेनंतरही ऑर्डर नव्हती. मग 2019चा ऑगस्ट आला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता कितीतरी दिवस बंद. त्यांचं कास्टिंग कोल्हापूरकडून यायचं. आपल्याकडेही पाऊस कोसळत होता, पण आपण पाण्याच्या अलीकडे होतो. त्यांची लाइन थांबायला दोन दिवस उरले, तेव्हा त्यांनी कुणाला फोन केला? महिन्याभरापूर्वी गेटवर सही करून गेलेल्या माणसाला. पहिली ऑर्डर अडीचशे नगांची होती. ते काम माझ्या शेडमध्ये अजून चालू आहे.

माझा मुलगा म्हणतो, “बाबा, पूर आला म्हणून मिळालं. नाहीतर तुम्ही त्या माणसाला नुसते सतावत होता.” मला हे पटत नाही. मी त्याला कधी रात्री फोन केला नाही, त्याच्या घरी गेलो नाही, पाहुण्यांकडून वशिला लावला नाही. जे सांगायचं ते ऑफिसात, कामाच्या वेळेत, आणि दर वेळी काही कामाचं घेऊन. त्यानं एकदा तरी ‘येऊ नका’ म्हटलं असतं तर मी उठलो असतो. पुण्यात 2004 साली एकानं तसं तोंडावर सांगितलं होतं: “आमचं ठरलंय, परत येऊ नका.” मी आभार मानले, कारण विचारलं, वहीत लिहिलं आणि परत गेलो नाही. दोन दिवस वाईट वाटलं, मग संपलं. मिरजेच्या चहाचं अजून संपलेलं नाही.

मुलाचा दहावीचा निकाल लागला त्या सकाळी मी हुबळीच्या दुसऱ्या एका गेटवर बसलो होतो, हे त्याला अजून लागतं. त्याचं बरोबर आहे. मी त्या दिवशी घरी असायला हवं होतं, एक दिवसानं काही बिघडलं नसतं. पण त्या सगळ्या खेपा व्यर्थ होत्या असं तो म्हणतो, ते मी मान्य करणार नाही. त्याच्या इंजिनिअरिंगची फी कुठून आली?

असो. तुझ्याकडे वळतो.

मुलगी म्हणून लोक काय समजतील, या प्रश्नाला मी माझ्या अनुभवातून उत्तर देऊ शकत नाही, कारण मला तो प्रश्न कधी पडलाच नाही. एवढं सांगतो: जो कामाचं सोडून दुसरं बोलेल त्याचा तोच नकार समज, ओळ खोडून टाक आणि बाबांना सांग. त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही, कितीही मोठी ऑर्डर असली तरी. बाकीच्यांना तू फ्लँजबद्दल विचारलंस की ते फ्लँजबद्दलच बोलतील.

आणि हुबळीला इंग्रजीत कशाला लिहितेस? तुझं कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. मी तिथं मोडक्या कन्नडवर अकरा खेपा काढल्या. फोन कन्नडमध्ये कर, ड्रॉइंगचा मेल इंग्रजीत राहू दे. कोल्हापूरवाले विचारतील, ‘बेळगावचा माल म्हणजे बाहेरच्या राज्याचा.’ त्यांना सांग, 2017पासून आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, लागतो आणि त्याचं क्रेडिट मिळतं, सी फॉर्म गेला. कितीतरी जण अजून जुन्याच हिशेबात बसलेत. ही भीती त्यांनी तुला बोलून दाखवली तरच तू ती काढू शकतेस, आणि तू फोन केलास तरच ते बोलतील.

किती वेळा, हेही तू विचारलंस. पहिल्या मेलनंतर चार दिवसांत फोन. मग दहा दिवसांनी. मग महिन्यानं, मग तीन महिन्यांनी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नको, तेव्हा सगळे स्टॉक मोजत असतात. खरेदीवाला बदलला तर नव्याला पहिल्यापासून सांग आणि जुना कुठं गेला ते विचार, तिथंही तुझी ओळख झाली. हे कधी थांबवायचं? तो थांबवेल तेव्हा. कानानं ऐकशील तेव्हा.

त्या साठ ओळींचा लाल रंग आज रात्रीच काढ. सगळ्या पांढऱ्या कर. प्रत्येकीसमोर पुढची तारीख टाक, साठही एका दिवशी नकोत, रोज पाच.

मंगळवारी सकाळी दहाला माझ्याकडे ये. हुबळीच्या व्हॉल्व्हवाल्यांचं ड्रॉइंग कागदावर छापून आण, फ्लँजच्या त्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं खूण करून. त्यांचे खरेदीवाले साडेअकराला स्टोअरच्या राउंडला जातात, त्याच्या आत फोन लागला पाहिजे. तू बोलायचंस, मी शेजारी बसतो. येताना बाबांना सांग, दुपारपर्यंत तुझी वाट बघू नका.

तुझा,
काका