सुयोग्यतेचा नकाशा उलटा केला की रेझिस्टन्स नकाशा मिळतो का?

प्रश्न असा आहे: एका फुलपाखराच्या १२ वसाहतींचा एसएनपी डेटा (डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक) आणि मॅक्सेंट या सॉफ्टवेअरचा अधिवास-नकाशा (कुठली जागा राहायला किती सुयोग्य, हे ० ते १ मध्ये) हाताशी आहे. तो नकाशा उलटा करून रेझिस्टन्स (जागा ओलांडायला किती अवघड) म्हणून सर्किटस्केपला (येजा विजेच्या प्रवाहासारखी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिला, तर येजा कुठून होते ते कळेल का?

नाही. '१ वजा सुयोग्यता' ही युक्ती जिथे तिथे दिसते आणि तिने चांगल्या डेटाची माती होते, म्हणून सविस्तर लिहितो. मॅक्सेंट सांगतो कीटक राहतो कुठे. जनुकं पोचतात ती तो ओलांडतो कुठून यावर. अळीची खाद्यवनस्पती नसलेलं माळरान आणि दाट जंगल या दोन्हींना मॉडेल ०.१ देऊन मोकळं होतं. माळरानावर थांबण्यासारखं काही नसल्यामुळे फुलपाखरू ते सरळ पार करू शकतं, जंगलाच्या कडेशी मात्र माघारी वळू शकतं. अल्बर्टातल्या रॉकी पर्वतातल्या पार्नासियस स्मिंथियसवर कीघोबादी, रोलंड आणि स्ट्रोबेक यांनी १९९९ सालीच दाखवलं, की मध्ये जंगल असलेल्या वसाहतींत जनुकीय फरक जास्त पडतो, मध्ये उघडं कुरण असेल तर कमी.

तेव्हा जमिनीच्या वापराचे थर वेगळे ठेवा आणि प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टन्स द्या. सुयोग्यताच वापरायची असेल तर निदान वक्र बदलून पाहा: रेझिस्टन्स = १०० − ९९ × (१ − ई^(−सी×एच)) ÷ (१ − ई^(−सी)), यात एच म्हणजे सुयोग्यता, सी म्हणजे वक्राचा बाक ठरवणारा आकडा आणि ई हा गणितातला नेहमीचा स्थिरांक. सी ०.२५ पासून १६ पर्यंत दुपटीने वाढवत जा. एच ०.१ असताना सरळ रेषेत रेझिस्टन्स सुमारे ९० येतो, सी ८ घेतला तर सुमारे ४५. कुठला वक्र खरा हे जनुकीय डेटाला ठरवू द्या.

सर्किटस्केपमध्ये 'नो डेटा' म्हणजे पूर्ण अडथळा. तळ्याच्या पेशी (नकाशाच्या चौकटी) चुकून तशा राहिल्या तर तळ्यावरून काहीच उडत नाही असं तुम्ही नकळत गृहीत धरता. नकाशा टोकाच्या वसाहतींना चिकटून कापू नका, कडेचा रेझिस्टन्स खोटा फुगतो. १ किलोमीटरच्या हवामान-पेशीत २०० मीटरचा झाडोरा दिसतच नाही.

रेझिस्टन्स आणि जनुकीय फरक यांच्या तुलनेसाठी मँटेल चाचणी (दोन अंतर-तक्त्यांमधला सहसंबंध) नको, एमएलपीई (एकच वसाहत अनेक जोड्यांत येते हे धरणारं मॉडेल) वापरा. १२ वसाहतींच्या ६६ जोड्या होतात, पण त्या ६६ स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एआयसीने (मॉडेल किती नीट बसतं आणि किती गुंतागुंतीचं आहे, यांचा तोल पाहणाऱ्या गुणाने) मॉडेल ताडताना आरईएमएल (अंदाज काढण्याची एक पद्धत) बंद ठेवा. निव्वळ अंतराचं मॉडेल स्पर्धेत हवंच. त्याला हरवता आलं नाही, तर अधिवासाबद्दल बोलू नका.

हे सगळं करण्याआधी नमुने तपासा. एकाच झाडावरच्या अळ्या गोळा केल्या असतील तर ती भावंडं असतात आणि एफएसटी (वसाहतींमधल्या जनुकीय फरकाचं माप) उगाच वाढतो. 'कॉलनी' या सॉफ्टवेअरमध्ये नातं पाहा, पण सगळी भावंडं डोळे झाकून काढू नका. छोट्या वसाहतीत ती खरोखरच जास्त असतात. डीडीरॅड (डीएनएचे निवडक तुकडेच वाचण्याची पद्धत) केलं असेल तर एक वसाहत एका लायब्ररीत (एकत्र तयार केलेल्या डीएनए नमुन्यांच्या गटात) अशी वाटणी झालेली नाही ना, हे बघा. झाली असेल तर प्रयोगशाळेतला फरक भूगोलाचा फरक म्हणून समोर येतो. मायटोकॉन्ड्रियाच्या एकट्या जनुकावर भिस्त ठेवू नका, वोल्बाकिया हा कीटकांच्या शरीरात राहणारा जिवाणू त्याचं चित्र बिघडवतो. एफएसटी ०.०५ वरून 'पिढीला ४.७५ स्थलांतरित' असंही लिहू नका. ते सूत्र समतोल गृहीत धरतं, आणि गेल्या काही पिढ्यांत तुटलेला अधिवास मोठ्या वसाहतींच्या एफएसटीत अजून उमटलेला नसतो.

एक मात्र मान्य करतो: पंख नसलेला भुंगेरा असेल, जो पिढ्यान्‌पिढ्या राहत राहतच पुढे सरकतो, तर राहण्याची जागा आणि ओलांडण्याची जागा जवळपास एकच होते. तिथे उलटा नकाशा बऱ्यापैकी चालतो. तुमचं फुलपाखरू त्यातलं नाही.