‘पचत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं?

पावसाळा लागला की पोटाची पत्रं वाढतात. या खेपेला निवडलेल्या सहाही पत्रांत एक वाक्य आहेच: ‘डॉक्टर, पचनशक्ती कमी झालीय.’ वैद्य त्याला अग्निमांद्य म्हणतात, मेडिकलवाला ‘गॅस’ म्हणतो आणि गुलाबी गोळी पुढे सरकवतो. पत्रं नीट वाचली तर पाचांची दुखणी पाच तऱ्हेची आहेत, आणि एकीचं तर दुखणंच नाही. चिकोडीचं पत्र सगळ्यात शेवटी आलं, पण ते मी मुद्दाम वर घेतलंय.

प्रश्न : वय ५४, शेती करतो. तीन महिन्यांपासून अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरतं. वजन सात किलोनं उतरलं. शौचाला काळं, चिकट होतं. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून गोळ्या आणून खातो. पाचक चूर्ण चालू आहे, ते बदलू का? (चिकोडी)

दादा, चूर्ण बदलू नका, डॉक्टर गाठा. याच आठवड्यात. पुढच्या महिन्यातल्या लग्नकार्यानंतर नको.

थोडं खाल्लं की पोट गच्च होणं, न ठरवता वजन उतरणं आणि डांबरासारखी काळी शौच, ही तिन्ही एकत्र असताना कुणीही घरगुती उपाय सांगू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तुम्ही त्या घेतल्याचं लिहिलेलं नाही. मग तो रंग बहुतेक जठरात झिरपणाऱ्या रक्ताचा असतो. गुडघ्यांच्या दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण काढून घेतात आणि तिथे जखम होते. त्या आजपासून बंद करा. चक्कर आली, दरदरून घाम सुटला किंवा रक्ताची उलटी झाली, तर तडक मोठं इस्पितळ गाठायचं.

जखमेचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९८२ पर्यंत जगभरचे डॉक्टर अशा जखमेचा, म्हणजे अल्सरचा, दोष तिखटाला आणि काळजीला देत होते. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू दाखवला, कुणाला पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतःच पिऊन पाहिला आणि आजारी पडले. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आज हा जंतू साधारण १४ दिवसांच्या औषधांनी जातो. जखमेऐवजी गाठ निघाली तरी लवकर कळण्यातच फायदा आहे.

डॉक्टर बहुतेक दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) सांगतील, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून बघायचं. तिला लोक उगाच घाबरतात. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिरतेचा फवारा मारतात, कुशीवर झोपायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. उमाळे येतात, हे खरं. मिरजेला जा, बेळगावला या, जिथे सोयीचं तिथे करा, पण करा.

प्रश्न : निवृत्त शिक्षक, वय ६७. दहा वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे. चार वर्षं सकाळी उठल्या उठल्या गॅसची गोळी (पँटोप्राझोल) घेतो. एक दिवस चुकली तर छातीत आग. हल्ली जेवण जड वाटतं, तळपायाला मुंग्या येतात. गोळीची ताकद वाढवू का? (निपाणी)

गुरुजी, वाढवू नका. आधी तुमच्या औषधांची सगळी पिशवी कुणाला तरी दाखवा.

मध्यंतरी एका गृहस्थांनी माझ्या टेबलावर साडीच्या दुकानाची पिशवी उपडी केली. अकरा पाकिटं निघाली. काही निम्मी, काही एकेक गोळी फोडलेली, दोनांची मुदत उलटलेली. त्यांत दोन वेगळ्या नावांची, वेगळ्या रंगांची पाकिटं मी शेजारी ठेवली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. दोन्हींत पँटोप्राझोलच. एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं, एक कोल्हापूरहून आणलेलं. तीन वर्षं ते दुप्पट डोस घेत होते आणि ‘पचत नाही’ म्हणून माझ्याकडे आले होते.

जठरातलं आम्ल लिंबाच्या रसासारखं, कधी त्याहूनही जहाल असतं, आणि ते तिथे उगाच नाही. अन्नाबरोबर आलेले जंतू ते मारतं. डाळ, अंडं, मटण यांतल्या प्रथिनांचं पचन सुरू करून देतं. अन्नाला चिकटलेलं बी-१२ जीवनसत्त्व सोडवतं. ही गोळी आम्लच आटवते. गरज असेल तेव्हा ती उत्तम औषध आहे, मीही लिहून देतो. पण वर्षानुवर्षं घेतली की पोटाच्या संसर्गाचा धोका वाढतो, एरवी आम्लात मेले असते ते जंतू लहान आतड्यापर्यंत पोचू शकतात, आणि बी-१२ हळूहळू घटतं. मेटफॉर्मिनही बी-१२ कमी करते. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो, म्हणून ते कमी पडल्यावर येणाऱ्या मुंग्या चार-पाच वर्षांनी सुरू होतात आणि त्यांचा गोळीशी संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. मधुमेहानंही मुंग्या येतात. तेव्हा बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्या. मधुमेह जुना असेल तर जठर रिकामं व्हायलाच वेळ लागतो, जेवण जड वाटण्यामागे तेही असू शकतं. डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

गोळी चुकल्यावर आग होते ती रोग वाढल्यामुळेच असं नाही. इतके दिवस दाबून धरलेल्या आम्लाच्या पेशी मोकळ्या सुटतात आणि काही आठवडे जास्तच आम्ल करतात. लोक तिसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा गोळी धरतात, आणि असंच वर्षं जातात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी डोस निम्मा, मग दिवसाआड, असं महिना-दोन महिन्यांत उतरवायचं. रक्त पातळ करणारी गोळी किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र आपल्या मनानं हात लावू नका. जोवर गोळी आहे तोवर ती न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यावी, नंतर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो.

बाकी पथ्य जुनंच. रात्रीचं जेवण आणि अंथरूण यांत तीन तास जाऊ द्या, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला. आणि मिसरी किंवा तंबाखू असेल तर ती सोडा. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप तंबाखूनं सैल पडते. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ, तिथल्या माणसाला हे सांगणं जरा धाडसाचंच, पण तुम्ही गुरुजी आहात, ऐकून घ्याल.

प्रश्न : यंत्रमागावर काम, वय ४१. सकाळपासून सात-आठ चहा होतात. चारला घरी आलो की ताकदीसाठी तांब्याभर म्हशीचं दूध पितो. सहाच्या सुमारास पोट डमरूसारखं फुगतं, गुरगुरतं, कधी पातळ होतं. रविवारी सुट्टीला गावी गेलो की त्रास नाही. वजन ठीक आहे. (वडगाव, बेळगाव)

तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण निम्मं निदान तुम्हीच घड्याळ लावून करून ठेवलंय.

दुधातली साखर, लॅक्टोज, फोडायला लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य असतं. तान्हेपणी ते भरपूर, मोठेपणी बहुतेक भारतीयांत कमी होत जातं. हा रोग नव्हे, शरीराची घडणच तशी. न फुटलेली साखर खाली मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू ती आंबवतात, त्यातून वायू होतो, शिवाय ती पाणीही ओढून घेते. तास-दोन तासांत पोट फुगतं आणि गुरगुरतं. चारला दूध, सहाला डमरू.

१०० मिलिलिटर दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असतं. असा त्रास असलेल्यांतही बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत सोसतं. तुमचा तांब्या अर्ध्या लिटरचा धरला तर एका बैठकीत २५ ग्रॅम झालं, वर चहांतलं वेगळंच. गावी रविवारी दूध पिता की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, पीत नसणार.

दोन आठवडे दूध बंद. चहा कोरा, नाहीतर दोनच कप. दही आणि ताक चालेल, कारण विरजणातले जंतू लॅक्टोज बरंचसं खाऊन टाकतात. डेअरीच्या वहीच्या मागच्या पानावर रोज तीनच गोष्टी लिहा: काय खाल्लं, किती वाजता, फुगलं किती वाजता. पंधराव्या दिवशी पुन्हा तांब्याभर दूध पिऊन बघा. त्रास परत आला तर उत्तर मिळालं, आणि तपासणीचे पैसे वाचले. कुंद्याचंही विचाराल म्हणून सांगतो: ही मिठाई खव्याची, आणि खवा म्हणजे आटवलेलं दूध, लॅक्टोज आटून घट्ट झालेलं. चमचा-दोन चमचे खा, पावशेराचा पुडा एकट्यानं संपवू नका.

दूध सोडूनही फरक नाही पडला तर कांदा, लसूण, चवळी यांच्याकडे बघावं लागेल. त्यांतल्या काही साखराही अशाच न पचता आंबतात. कडधान्य भिजवून, ते पाणी ओतून, मोड आणून शिजवलं तर त्रास कमी होतो, हे आपल्या आयांना ठाऊक होतंच.

प्रश्न : वय ३४, गृहिणी. सहा वर्षं रोज रात्री चूर्ण घेते. एक दिवस नाही घेतलं तर पोट साफ होत नाही. चूर्णाशिवाय तीन दिवसांनी एकदा होतं, त्रास काही नाही, पण मन लागत नाही. आतड्यात घाण साठून विष होतं म्हणतात, खरं का? (खानापूर तालुका)

नाही ताई. आतडं म्हणजे तुंबलेलं गटार नव्हे. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यांतलं काहीही निरोगी असू शकतं, कुंथावं लागत नसेल आणि खडे होत नसतील तर. तुम्ही या हद्दीच्या काठावर आहात, तिच्या फार बाहेर नाही.

चूर्णाच्या डबीवर सोनामुखी आहे का बघा. बहुतेकांत असते. ती आतड्याला चिमटा काढून काम करवून घेते. अधूनमधून ठीक, पण रोज घेतली की दुसऱ्या दिवशी आतडं रिकामंच असतं, मग शौच कशी होणार? आणि माणूस म्हणतो, बघा, चूर्णाशिवाय होत नाही.

तुमच्या भागात पूर्वी सकाळी नाचण्याची अंबील असे, आता दोन्ही वेळा पॉलिशचा पांढरा भात. कोंडा गेला आणि तंतू गेले. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातल्या जंतूंचं ते अन्न. ते खाऊन जंतू जी आम्लं तयार करतात, मुख्यतः त्यांवरच मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास तंतू हवेत. एकदम वाढवाल तर पोट फुगेल, म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त अंबील, दुसऱ्यात एखादी उसळ किंवा पालेभाजी. तोवर चूर्णाऐवजी दोन चमचे इसबगोल, मोठ्या पेल्यातल्या पाण्यात, आणि पाणी टाळायचं नाही.

एक गोष्ट बायका पत्रात लिहीत नाहीत, मी विचारतो. सकाळी पहिला चहा घेतला की पोटात हालचाल होते, त्या वेळी तुम्ही कुठे असता? डबे, पाणी, गोठा, पोरांची शाळेची गाडी. ती कळ दाबली की निघून जाते आणि रोज दाबली की येईनाशी होते. घरातल्यांना सांगा, ती दहा मिनिटं तुमची. सोबत एकदा थायरॉईड तपासून घ्या.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, जेवतच नाही. पाचक सिरप कोणतं द्यावं? (अथणी)

कोणतंच नको. जेवणाआधीच्या दोन तासांतली बिस्किटं आणि दूध बंद करून आठ दिवस बघा. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत जंताची गोळी देतात, ती घेतली होती का विचारा. वजन, उंची वाढत असेल तर तो पुरेसं खातोय.

प्रश्न : वय ७२. मुलगा पुण्याला असतो, त्यानं ठेचा आणि भाकरी बंद करून ओट्स पाठवलेत. म्हणतो, या वयात पचत नाही. माझे दात नाहीत, बाकी काही तक्रार नाही. (सुळगा)

आजी, पिष्टाचं पचन तोंडातच सुरू होतं, लाळेपासून, आणि तुमची अडचण तेवढीच आहे. भाकरी ताकात कुस्करून दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की सावकाश खा. ठेच्यानं अल्सर होत नाही, वरच्या मार्शलसाहेबांनी ते नोबेल मिळवून सांगितलंय. जळजळलं तर मिरची थोडी कमी करा, शेंगदाणे जास्त घालून बारीक कुटा. कवळी बसवायची असेल तर त्याचा खर्च मुलाकडून घ्या. ओट्स ठेवून द्या, दिवाळीला आला की त्यालाच करून घाला.