लेहमधले सहा दिवस आणि एक 'च'

"मॅडम, सहाच दिवसांची ओळख, तरी चार महिने झाले डोक्यातून जात नाहीये, मी वेडी आहे का?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकलाय, कधी मनालीचा ट्रेक असतो कधी जर्मनीतलं ऑनसाइट, म्हणून एकीची गोष्ट सांगते (तपशील बदललेत).

वय २९, पुण्यात आयटीत. एकटीच लेहला गेली. पहिले दोन दिवस हवा मानवेपर्यंत गेस्टहाऊसवर नुसतं पडून राहायचं, तिथेच कोचीचा एकजण भेटला. मग शेअर टॅक्सीने खारदुंगला, नुब्रा, हुंडरची वाळू, रात्री उशिरापर्यंत गप्पा. हिचं प्रीपेड सिम तिकडे बंद, त्यामुळे ना आईचा फोन ना ऑफिसचा. परत आल्यावर आठवडाभर त्याचे मेसेज आले, मग थांबले.

पहिल्या भेटीत मी जरा शहाणपणा केला. डटन आणि अ‍ॅरनचा १९७४ चा प्रयोग सांगितला, कॅनडातल्या उंच झुलत्या पुलावर भेटलेल्या मुलीला तिथल्या पुरुषांनी नंतर जास्त फोन केले, छातीतली धडधड त्यांना तिच्यामुळे वाटली असावी वगैरे. ती म्हणाली, "म्हणजे ऑक्सिजन कमी होता म्हणून मला तो आवडला?" आणि गप्पच झाली. चूक माझी.

चौथ्या भेटीत रडत म्हणाली, "खरं असेल तर टिकलंच पाहिजे ना!"

"हेच 'च' आणि 'पाहिजे' काढून म्हण."

बराच वेळ अडखळली. मग म्हणाली, "टिकलं असतं तर... मला आवडलं असतं." परत रडली, पण हे रडणं वेगळं होतं. "म्हणजे खोटं नव्हतं ते. संपलं फक्त."

'असंच झालं पाहिजे' ही मनातली अटच माणसाला छळते असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस मी वीस वर्षं वाचतेय, पण माणसाची अख्खी अट मराठीत एका अक्षरात मावते हे त्या दिवशी माझं मलाच नीट दिसलं. तेव्हापासून मी 'च' ऐकायलाच बसलेली असते!

तुमचंही असंच झालं असेल तर फोटो डिलीट करायची घाई नको, पण त्याचं लास्ट सीन बघणं आजच बंद. विचारायचंच असेल तर एकदा सरळ विचारा, उत्तर नाही आलं तर तेच उत्तर. आणि घरच्यांनी आणलेल्या स्थळाची त्याच्याशी तुलना करू नका, त्या सहा दिवसांत कोणाला गॅसचा नंबर लावायचा नव्हता की लाइटबिल भरायचं नव्हतं. (त्याने पैसे मागितले असतील तर मात्र विषय वेगळा, आधी पोलिसांकडे जा.)

शेवटच्या भेटीला ती लेहहून आणलेले जर्दाळू घेऊन आली, पाकीट इतके महिने फोडलंच नव्हतं. चिवट झाले होते, दोघींनी बसून संपवले.