वाचकांचे प्रश्न : डायना, देंकाली आणि गंजलेल्या पिना

प्रश्न : माळा आवरताना माझ्या लहानपणचे इंद्रजाल कॉमिक्स सापडले. सुट्टीत आलेल्या नातीने (वय १५) वेतालचे (इंग्रजीतला ‘फँटम’, जंगलात राहणारा मुखवटेवाला वीर) सात-आठ अंक एका बैठकीत संपवले आणि विचारलं, ‘‘आजोबा, ही डायना करते काय? दर वेळी पळवली जाते आणि दर वेळी तो सोडवतो!’’ मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. तिला काय सांगू?
– एक आजोबा, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आजोबा, नातीवर रागावू नका. पोरीची तक्रार निम्मी खरी आहे. डायना पामर, म्हणजे वेतालची प्रेयसी आणि पुढे बायको, पळवली जाते, आणि जरा जास्तच वेळा. लेखक ली फॉक यांना गोष्ट पुढे सरकवायला काही सुचलं नाही की डायनाला उचलायचं, हे मीही सातवीत असतानाच ओळखलं होतं.

कारण माझं बालपणच त्या ढिगात गेलं. रामबागेत काकांचं भाड्याने पुस्तकं द्यायचं दुकान होतं. दुकान कसलं, घराची ओसरीच. रोजचे दहा पैसे. शाळा सुटली की गल्ल्यावर मी. आमच्याकडे हिंदी अंक यायचे, म्हणून तोंडात ‘वेताल’ बसलं. ‘वेताळ’ म्हटलं की आजीला पिंपळावरचाच आठवायचा आणि ती तिन्हीसांजेला नाव घेऊ द्यायची नाही. गिऱ्हाइकं बहुतेक मुलगेच. ‘‘भिया, मारामारीवाला दे’’ म्हणत यायचे. डायनाचं कौतुक करणारी मी एकटी.

आता उरलेली निम्मी बाजू. वेतालची चित्रपट्टी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात १७ फेब्रुवारी १९३६ला सुरू झाली. त्या पहिल्याच कथेत डायना आहे. बोटीने घरी परत निघालेली, आणि सोबत अंबराचा साठा. अंबर म्हणजे देवमाशाच्या आतड्यात तयार होतो तो पदार्थ, अत्तरवाले त्याला सोन्याचा भाव द्यायचे. चाचे बोटीवर चढतात ते त्यासाठी. म्हणजे नीट बघा, गोष्ट सुरू होते ती डायनाच्या मालामुळे, डायनाच्या प्रवासात. मुखवटेवाला मागाहून येतो. आणि ही बाई भटकी, धाडसी, वेळ आली तर स्वतः ठोसे लगावणारी. १९३६ साली! आमच्या घरात तेव्हा आजीला एकटीने राजवाड्यापर्यंत जायची परवानगी नव्हती.

पुढे फॉकनी तिला ऑलिंपिकमधली डायव्हर केलं, परिचारिका केलं, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी दिली. वेतालला विचारा, तुझी नोकरी काय? बापाकडून आलेली गुहा, बापाकडून आलेली अंगठी, बापाकडून आलेला मुखवटा. एकविसाव्या पिढीची वतनदारी! डायनाने जे मिळवलं ते स्वतः मिळवलं.

आणि लग्नासाठी डायना नुसती वेतालची वाट पाहत बसली असं नात म्हणालीच, तर इथे मी तिच्याशी भांडेन. डायनाच्या आईला हा जावई पसंत नव्हता. का असावा? अंगात लांब कोट, डोक्यावर हॅट, घरातसुद्धा काळा चष्मा, पायाशी लांडगा, आणि धंदा विचारला की गप्प. आपल्याकडे असं स्थळ आलं असतं तर चहाचा कपसुद्धा पुढे झाला नसता. आई दुसरी स्थळं आणत राहिली, डायना ती परतवत राहिली आणि दौरे करत राहिली. अडून बसला होता तो वेताल. चाचे, पाणबुड्या, वाघ यांना न भिणारा माणूस ‘लग्न करशील का’ एवढं विचारायला कचरत होता. लग्न लागलं १९७७मध्ये, म्हणजे पहिल्या कथेनंतर ४१ वर्षांनी. त्यानंतरही तिने संयुक्त राष्ट्रसंघाचं काम सोडलं नाही. १९७९मध्ये जुळं झालं, किट आणि हेलॉइज, तरी नाही.

एक मात्र कबूल. माझ्या मते सुरुवातीची डायना जास्त तिखट होती. साय बॅरी चित्रं काढू लागले (१९६१पासून) तेव्हा ती दिसायला देखणी झाली, पण हाणामारी कमी झाली. तुमच्या पेटीतले अंक बहुधा त्याच काळातले असणार, म्हणून नातीला ती तशी वाटली. तिला १९३६ची पहिली कथा मिळवून द्या. मग पुन्हा भांडू द्या.

प्रश्न : वेताल राहतो तो देंकाली नावाचा देश नकाशात कुठेच सापडत नाही. लहानपणी मास्तरांना विचारून छडी खाल्ली होती.
– एक निवृत्त शिक्षक, खंडवा

उत्तर : छडी फुकट गेली, सर. मूळ पट्टीतला देश बेंगाल्ला, तोही काल्पनिकच. सुरुवातीच्या कथांमध्ये तो आशियाच्या बाजूचा वाटतो, पुढे हळूहळू आफ्रिकेत सरकला. भारतीय वाचकाला बेंगाल्ला म्हटलं की बंगालच आठवणार, म्हणून टाइम्स समूहाच्या इंद्रजालने (पहिला अंक मार्च १९६४) त्याचं देंकाली केलं. तसंच वेतालचे वैरी असलेल्या ‘सिंग’ चाच्यांचं ‘सिंगा’ झालं. बरंच झालं, नाहीतर शाळेत छडीऐवजी मारामाऱ्या झाल्या असत्या.

प्रश्न : जुन्या कॉमिक्सच्या पिना गंजल्या आहेत, काही पानांवर शाईचे डाग आहेत. घरच्या घरी काय करता येईल?
– एक वाचिका, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : पिना आधी काढा. वळवलेली टोकं आधी नखाने उभी करा आणि मग दुसऱ्या बाजूने हलकेच ओढा. टोकं उभी न करता उचकटलंत तर पानाचा तुकडा घेऊनच येतील. मग त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवा, गाठ आतल्या बाजूला. काका तीन भोकांची शिवण घालायचे, त्यांचे अंक शेकडो हात फिरूनही सुटले नाहीत. चिकटपट्टी अजिबात लावू नका, दहा वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. पावसाळ्यात पेटी जमिनीवर नको, खाली दोन विटा.

शाईचं मात्र विसरा. पुसायला गेलात तर भोक पडेल. आणि डाग कोणी पाडला हे ठाऊक असेल तर पुसूच नका. आमच्या दुकानातल्या एका अंकात डायना उंच कड्यावरून पाण्यात सूर मारते, पोहण्याच्या पोशाखात. आजीच्या नजरेला ते पान पडलं. ‘‘पोरं बघतात!’’ तिने माझी दौत आणि टाक घेतला, चष्मा पुसला आणि डायनाला कोपरापर्यंत बाह्या आणि घोट्यापर्यंत परकर घातला. काठसुद्धा काढला. शाई ओली असतानाच अंक मिटला, म्हणून समोरच्या पानावर वेतालच्या छातीवरही एक परकर उमटला. गिऱ्हाइकं तो अंक मुद्दाम मागून न्यायची.

परवा खजुरी बाजारात रद्दीच्या ढिगात त्याच अंकाची स्वच्छ प्रत मिळाली. घेतली. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवल्या. कोऱ्या चित्रातली डायना छान आहे, पण परकर नेसून ज्या तोऱ्यात ती उडी मारते तो तोरा तिच्यात नाही. कोणी आलं की मी शाईचाच अंक दाखवते.