गोलरक्षक मुलासाठी इंग्लंडमध्ये वाट कुठून जाते?

प्रश्न: आम्ही मूळचे पुण्याचे, आता स्लाऊला राहतो. मुलगा १५ वर्षांचा आहे आणि चॅम्पियनशिपमधल्या (इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधल्या) एका क्लबच्या अकॅडमीत गोलकीपर आहे. पुढच्या वर्षी जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) आणि क्लबच्या स्कॉलरशिपचा, म्हणजे सोळा ते अठरा वयाच्या प्रशिक्षण कराराचा, निर्णय एकदमच येणार. ह्यांचं म्हणणं, प्रीमियर लीगच्या मोठ्या अकॅडमीत जाता आलं तर जावं. पण तिथे वरच्या संघात गोलकीपर बहुतेक बाहेरचेच दिसतात. इथे वाढलेल्या मुलाला संधी मिळते का? आणि अभ्यासाचं काय?

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. याचं कारण मुलांच्या कुवतीत नाही, जागांच्या हिशेबात आहे. विंगरला शेवटची वीस मिनिटं उतरवून बघता येतं, गोलरक्षकाला असं कुणी आजमावत नाही. जागा एकच, आणि चांगला गोलरक्षक पस्तिशी आली तरी ती सोडत नाही. त्याची चूक थेट गोल होऊन फलकावर दिसते. त्यामुळे खालच्या श्रेणीत घसरायची भीती असलेला मॅनेजर १९ वर्षांच्या मुलाऐवजी दोनशे सामने खेळलेला माणूस आणतो, मग तो कुठल्या का देशाचा असेना.

‘होमग्रोन’ नियमावर पालक फार भिस्त ठेवतात. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत होमग्रोन नसलेले जास्तीत जास्त १७ चालतात, हे खरं. पण नियम राष्ट्रीयत्व बघत नाही. एकविसाव्या वर्षाआधी तीन हंगाम किंवा ३६ महिने इंग्लिश वा वेल्श क्लबकडे नोंदणी असली की झालं. गोलरक्षक डेव्हिड राया बार्सिलोनात जन्मलेला, पण सोळाव्या वर्षी ब्लॅकबर्नला आला, म्हणून तोही होमग्रोन. दुसरं म्हणजे हा नियम यादीत जागा देतो, मैदानावर नाही. गोलरक्षक स्कॉट कार्सन २०१९ ते २०२५ मँचेस्टर सिटीत होता आणि सामने खेळला दोन. संसाराला ती नोकरी उत्तम, पण कार्सनने ती तिशी ओलांडल्यावर, आधी भरपूर खेळून घेतल्यावर धरली. विशीतल्या मुलाने तीच जागा धरली तर त्याची वाढ खुंटते.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने बदलली आहे. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, इंग्लिश क्लबांना परदेशातून १८ वर्षांखालचा खेळाडू घेता येत नाही. रायाची वाट आज बंद आहे. सोळा ते अठरा या वयात तुमच्या मुलाची स्पर्धा मुख्यतः इथल्याच मुलांशी आहे. खरी अडचण अठरानंतर सुरू होते.

म्हणून माझं स्पष्ट मत: क्लबचा बिल्ला बघू नका. विसाव्या वर्षापर्यंत मुलगा प्रौढांच्या फुटबॉलमध्ये किती सामने खेळू शकेल, तो आकडा बघा. इंग्लंडचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड संडरलंडच्या अकॅडमीतला. १७ व्या वर्षी तो डार्लिंग्टनला लोनवर (तात्पुरता दुसऱ्या क्लबकडून खेळायला) गेला, मग आल्फ्रेटन, बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड, प्रेस्टन. एव्हर्टनने त्याला २०१७ मध्ये घेतलं ते या सगळ्यानंतर. गोलरक्षक निक पोपला इप्सविचने सोळाव्या वर्षी सोडलं. तो बरी टाऊनसारख्या छोट्या क्लबातून २०११ मध्ये चार्ल्टनला पोचला आणि २०१८ च्या विश्वचषकाला इंग्लंडच्या संघात होता. उलट बाजूही ऐका. मँचेस्टर सिटीच्या अकॅडमीतला गोलरक्षक जेम्स ट्रॅफर्ड बर्नलीला गेला; त्याच्या बर्नलीने २०२४-२५ मध्ये ४६ लीग सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले. तो सिटीत परतला, आणि काही आठवड्यांतच सिटीने इटलीचा गोलरक्षक दोनारुम्मा आणला. इतक्या चांगल्या मुलाचीही वाट अडते, तर नुसत्या अकॅडमीच्या नावावर विसंबून कसं चालेल?

प्रौढांचेच सामने का, हे कॉर्नरला कळतं. अकॅडमीच्या सामन्यात गोलरक्षकाला बऱ्यापैकी मोकळीक असते. नॅशनल लीगमध्ये (पाचव्या श्रेणीत) एक धिप्पाड स्ट्रायकर त्याच्या छातीला पाठ लावून उभा राहतो, दुसरा त्याचा हात अडवतो, आणि चेंडू सहा यार्डांच्या चौकटीत येतो. पुढे यायचं की रेषेवर थांबायचं, पकडायचा की मुठीने उडवायचा, हे क्षणात ठरवायचं असतं. आणि समोरच्या बचावपटूचा घरखर्च विजयाच्या बोनसवर चालत असतो. हे सरावात शिकवता येत नाही.

तेव्हा स्कॉलरशिप घेण्याआधी क्लबला ईमेलने विचारा: १८ वर्षांखालच्या गटात गोलरक्षक किती? (दोन ठीक, चार असतील तर विचार करा.) गेल्या तीन वर्षांतले स्कॉलर गोलरक्षक आज कुठे आहेत, प्रत्येकी किती सामने खेळले? आठवडाभर क्लबात सराव आणि शनिवारी छोट्या क्लबकडून सामना, अशी लोनची सोय दुसऱ्या वर्षी होते का? पहिल्या संघाच्या गोलरक्षकाचं वय आणि करार किती? उत्तरं गुळमुळीत आली तर तेच उत्तर समजा.

एक फसवी जागा आहे. सध्याच्या क्लबने स्कॉलरशिप देऊ केली आणि तुम्ही नाकारली, तर नव्या क्लबला भरपाई द्यावी लागते. लहान क्लब त्या रकमेपायीच मागे हटतात. क्लबनेच सोडलं तर भरपाई नसते. म्हणून दुसरीकडचं पक्कं नसताना ‘नाही’ कळवू नका. अल्पवयीन मुलासाठी पैसे मागणारा एजंट दारातूनच परत पाठवा.

उंचीची चिंता आत्ताच नको. पिकफर्ड १८५ सेंटिमीटर, राया १८३. मात्र झपाट्याने उंची वाढते त्या महिन्यांत हातापायांचा अंदाज चुकतो, सहज पकडायचे चेंडू निसटतात, गुडघ्याखाली दुखतं. तेव्हा डायव्हिंगचा सराव कमी करून पायाने पास देण्याचा वाढवावा. कोचला दर महिन्याची उंची कळवा, नाहीतर या घसरणीलाच ते कुवत समजतात.

अभ्यास बाजूला ठेवायचा प्रश्नच नाही. स्कॉलरशिपची दोन वर्षं शिक्षणासह असतात. बहुतेक मुलांना बीटेकला (इंजिनिअरिंगची पदवी नव्हे, व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम) बसवतात, कारण ते सरावाच्या वेळापत्रकात बसतं. मुलाला झेपत असेल तर निदान एका ए-लेव्हलची (इथल्या बारावीच्या पातळीच्या विषयाची) मागणी करा, आणि ती सही करण्याआधी करा, नंतर वेळापत्रक हलत नाही. जीसीएसईच्या गणित-इंग्रजीत चांगले ग्रेड हवेतच. अठराव्या वर्षी क्लबने सोडलं तर लफबरोसारखं विद्यापीठ किंवा अमेरिकेतली कॉलेज स्कॉलरशिप हे खरे पर्याय आहेत. अमेरिकेत जीसीएसईचे ग्रेडही मोजतात, आणि व्यावसायिक करार झालेला असेल तर तिथली पात्रता अडचणीत येऊ शकते. म्हणून सतराव्या वर्षी करार समोर आला, तर सहीआधी हा नियम तपासून घ्या.

वरचे प्रश्न या हंगामातच पाठवा. पुढच्या वर्षी सराव परीक्षा आणि क्लबचा निर्णय एकाच सुमारास येतील, तेव्हा शांतपणे तुलना करायला वेळ मिळणार नाही.