वाचकांचे प्रश्न : फोटोकडून व्हिडिओकडे

या वेळचे प्रश्न फोटोग्राफीत मुरलेल्या आणि आता यूट्यूबसाठी व्हिडिओ करू लागलेल्या वाचकांचे आहेत.

प्रश्न : लग्नांचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय. हल्ली किल्ल्यांचे आणि जत्रांचे व्हिडिओही टाकतो. भर उन्हातले शॉट तुटक दिसतात, आणि मंगल कार्यालयात काढलं तर चित्रावरून काळे पट्टे सरकतात. त्याच कॅमेऱ्यावर फोटो मात्र उत्तम येतात. असं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही दोषांचं मूळ शटरमध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उघडी राहते त्यात आहे. उन्हात १/१००० सेकंदावर जाण्याची सवय फोटोत कामाची, व्हिडिओत तीच नडते. सेकंदाला २५ फ्रेम असताना प्रत्येक फ्रेम इतकीच उघडली, तर चालणाऱ्याचा पाय एका फ्रेममध्ये इथे आणि पुढच्या फ्रेममध्ये तिथे दिसतो, मधली हालचाल नोंदलीच जात नाही. म्हणून शटरचा आकडा फ्रेमच्या दुप्पट ठेवतात : २५ फ्रेमना १/५०, ५० फ्रेमना १/१००. हालचाल किंचित पुसट यायलाच हवी.

मग उन्हात चित्र पांढरं फटक पडतं, कारण लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ १६ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) साधारण १/१०० शटर पुरतं. तुम्हाला एफ २.८ आणि १/५० हवं असेल, तर सहा स्टॉप प्रकाश अडवावा लागेल (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो). त्यासाठी एनडी ६४ फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच. फिल्टर टाळायचा म्हणून एफ २२ वर जाऊ नका. डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) चित्र मऊ होतं, आणि सेन्सरवरची धूळ आकाशात डाग होऊन उमटते. फोटोत ते डाग पुसता येतात, व्हिडिओत ते जिकिरीचं काम आहे. फिरवून कमीजास्त करायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो, पण टोकापर्यंत फिरवला की चित्रावर फुलीच्या आकाराची काळी सावली येते, वाइड लेन्सवर तर आणखी लवकर. तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्या आणि बाकीच्या लेन्सना माप जुळवणारी स्टेप-अप रिंग लावा.

आता पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/५० किंवा १/१०० मध्ये हे चढउतार पूर्ण बसतात, १/६० मध्ये बसत नाहीत आणि पट्टे दिसतात. कॅमेरा अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला असेल, तर मेनूत एनटीएससी (तिकडची व्हिडिओ पद्धत) आहे का बघा. ते बदलून पाल (आपल्याकडची पद्धत) केलं की २५ आणि ५० फ्रेम मिळतील. काही मॉडेल हा बदल करताना कार्ड फॉरमॅट करायला लावतात, आधी ते रिकामं करा. स्टेजवरच्या एलईडी वॉलला आणि डिमरवरच्या दिव्यांना हा हिशोब लागू पडत नाही. तिथे शटर बारीक पायऱ्यांनी सरकवता येत असेल तर स्क्रीनकडे बघत पट्टे थांबतील तो आकडा शोधायचा.

जाता जाता : व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंगछटा जुळवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. रॉ फोटोत तो नंतर हवा तसा फिरवता येतो, नेहमीच्या व्हिडिओ फाइलमध्ये फारसा नाही, आणि ऑटोमध्ये तो एकाच शॉटच्या मध्यावर बदलतो. उन्हात ५६०० केल्विन लावून कुलूप घाला.

प्रश्न : पेणच्या एका गणपती कारखान्यात भरपूर शॉट घेतले. एकेक शॉट देखणा आहे, पण जोडल्यावर स्लाइड शो वाटतो.
— एक वाचक, रायगड

उत्तर : तुम्ही क्षण टिपलेत, क्रिया टिपली नाही. फोटोग्राफर नेमका क्षण आला की बटण दाबतो आणि पुढे सरकतो. व्हिडिओत त्या क्षणाच्या आधीचं आणि नंतरचंच जास्त लागतं. कॅमेरा सुरू केल्यावर मनात दहा मोजा. कारागिराचा हात फ्रेममध्ये येऊ द्या, काम करू द्या, बाहेर जाऊ द्या. हात शिरतो आणि निघतो तिथेच कट बसतात.

एका क्रियेचे निदान पाच शॉट घ्या. आधी फक्त हात, मग चेहरा, मग दोन्ही दिसतील असा दूरचा, चौथा कारागिराच्या खांद्यावरून, आणि पाचवा तुमच्या नजरेचा, म्हणजे इतरांना न सुचणाऱ्या कोनातून. हा पाचवा शॉट फोटोग्राफरला फुकट मिळतो, व्हिडिओवाले त्यासाठी धडपडतात. अडचण अशी की डोळ्यांची आखणी एका मूर्तीवर एकदाच होते, आणि कारागिराला ‘पुन्हा करा’ म्हणणं बरं नव्हे. पण कारखान्यात मूर्ती ओळीने असतात. पहिलीची आखणी दुरून घ्या, दुसरीची जवळून, तिसरीची खांद्यावरून. मूर्ती एकाच साच्यातल्या आणि एकाच रंगाच्या पितांबराच्या निवडा, नाहीतर जोड उघडा पडतो. शिवाय कारागीर आणि मूर्ती यांना जोडणारी एक रेघ कल्पून तिच्या एकाच बाजूला राहा. रेघ ओलांडलीत तर डावीकडे बघणारा कारागीर पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे बघतो आणि बघणारा गोंधळतो.

ट्रायपॉडवरचा फोटोचा बॉल हेड पॅनसाठी, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवण्यासाठी नको. सुटताना हिसका बसतो. संथ, सलग फिरणारा फ्लुइड हेड घ्या, आणि इतकं सावकाश फिरवा की एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जायला सातेक सेकंद लागतील. तरीही आमचं मत असं, की पहिले काही महिने पॅन करूच नये.

प्रश्न : द्राक्षबागायतदारांच्या मुलाखती घेतो. घरात आवाज पोकळ येतो, बागेत वाऱ्याचा घोंगाट.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : माइक लांब आहे. अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा आवाज सहा डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत लावा. घरात बोलणाऱ्यासमोर, फ्रेमच्या बाहेर, दोन गोधड्या टांगा. फोमच्या पातळ चौकटींपेक्षा त्या जास्त काम करतात. बागेत माइकवर केसाळ टोपी हवीच, नुसता स्पंज वाऱ्याला पुरत नाही. कॅमेऱ्याचं ऑटो गेन (आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय) बंद करा, नाहीतर बोलणारा थांबला की मागचा फवारणीचा पंप गरजू लागतो. पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. वायर तपासा : पिनवर तीन काळ्या रेघा असलेली मोबाइलची, दोन रेघांची कॅमेऱ्याची. उलट लावली तर आवाज येतच नाही किंवा फुटका येतो. आणि हेडफोन न लावता रेकॉर्ड करू नका.

प्रश्न : ४के साठी कोणतं कार्ड?
— एक वाचक, अकोला

उत्तर : कॅमेरा १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) नोंदत असेल, तर व्ही३० लिहिलेलं, म्हणजे सेकंदाला निदान ३० एमबी लिहू शकणारं कार्ड पुरतं. मिनिटाला ७५० एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी जातात.

प्रश्न : आडवा व्हिडिओ करू की उभा? आणि पैसे कधी?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : जाहिरातींचा वाटा मिळायला यूट्यूबवर १००० सबस्क्रायबर लागतात, आणि शिवाय १२ महिन्यांत ४००० तास पाहणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. त्या भरवशावर स्टुडिओ बंद करू नका. आधी चॅनेलवरून येणारी कामं वाढतात. मुख्य व्हिडिओ आडवाच करा. ४के फ्रेम २१६० पिक्सेल उंच असते, तिच्यातून १२१५ रुंदीची उभी पट्टी कापता येते आणि शॉर्ट्सच्या १०८० बाय १९२० ला ती पुरून उरते. मात्र हे शूटिंगच्या वेळीच ठरवावं लागतं. स्क्रीनवर ग्रिड लावा आणि तिच्या तीन उभ्या भागांपैकी मधल्यात माणूस ठेवा. कापायची पट्टी साधारण तेवढीच रुंद असते.